थकलेल्या पेशींचा उन्हाळा

परवा कूलरवाला येऊन गेला. त्यानं जुनी खस खरवडून काढली, नवी भरली, पंपाला दोन चापट्या मारून तो चालू करून दिला आणि घरभर ओल्या गवताचा वास पसरला. या वासानं लोकांना म्हणे गार वाटतं. मला दरवर्षी चिडचिड होते. अमरावतीतल्या माझ्या घरात हा वास आला की अकोल्याचा तो एक उन्हाळा आठवतो, आणि त्या उन्हाळ्यात मी ज्या ज्या माणसांवर वैतागले होते ती सगळी ओळीनं समोर उभी राहतात. ओळीत सगळ्यांत पुढे माझी बहीण असते.

ताई माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. अकोल्याला जठारपेठेत राहते. भाऊजी गेल्यापासून घरात ती, मुलगा नितीन आणि सून प्राजक्ता. ताईची ओळख म्हणजे तिचे हात. गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं की न्हाऊ घालायला ताईला बोलावणं यायचं. ती मोरीत पाटावर बसणार, पाय लांब सोडणार, नडग्यांवर बाळाला पालथं घालणार आणि तेलाचा हात असा फिरवणार की रडून घर डोक्यावर घेतलेलं लेकरू जांभया द्यायला लागायचं. यासाठी तिनं कुणाकडून कधी काही घेतलं नाही. प्राजक्ताला दिवस गेले तेव्हा ताईच्या अंगात नवीन जोर आला. इतकी वर्षं लोकांची लेकरं न्हाऊ घातली, आता घरचं येणार होतं.

त्याआधी मोतीबिंदू काढून टाकावा म्हणून ती डोळ्याच्या दवाखान्यात गेली. ऑपरेशनच्या आधी रक्त तपासतात, तसं तपासलं. त्यात हिपॅटायटिस सी निघाला.

मी त्या वेळी बारावीचे पेपर तपासत होते. कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते मी. फोनवर नितीन घाबरून काहीतरी सांगत होता आणि माझ्यापुढे एका मुलानं यकृताची आकृती काढून तिला मूत्रपिंड असं नाव दिलेलं होतं. मी नितीनला सांगितलं, हा विषाणू यकृतात राहतो, वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, रक्तातून रक्तात जातो. ताटातून, पेल्यातून, हात लावल्यानं जात नाही. आणि आता त्याच्यावर गोळ्या आहेत. रोज एक, तीन महिने. बहुतेक जण पूर्ण बरे होतात. एवढंच ध्यानात ठेव. त्यानं ‘हो मावशी’ म्हटलं आणि फोन ठेवल्यावर आईला कावीळ झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना कळवून टाकलं.

रक्तातून म्हणजे कुठल्या, हा प्रश्न फार दिवस टिकला नाही. नितीनच्या जन्माच्या वेळी ताईला अतोनात रक्त गेलं होतं. मी शाळकरी होते, पण खाटेशेजारी टांगलेल्या लाल बाटल्या मला आठवतात. तेव्हा या विषाणूसाठी रक्त तपासत नसत. त्या बाटल्यांनी ताई वाचली, आणि त्यांतल्याच कुठल्या तरी बाटलीतून हा पाहुणा आला असणार. मुलाबरोबर घरात आला आणि मुलाला मूल व्हायच्या वेळी सापडला.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या बाई गळ्यात घालायची काविळीची माळ घेऊन आल्या. माळ जसजशी लांब होत जाईल तसतशी कावीळ उतरते, म्हणाल्या. ताईचे डोळे आयुष्यात कधी पिवळे झाले नव्हते, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मोर्शीहून ताईचे चुलत दीर आले. संत्र्याचं पोतं ओट्यावर टाकत म्हणाले, “गोळ्या बंद कर वयनी. महिनाभर नुसते संत्रे खाय. आमच्याकडे एक जण असाच ठीक झाला.” मी विचारलं, त्यालाही हाच आजार होता का? ते म्हणाले, नाही, त्याला मूळव्याध होती. कुणी रोज उसाचा रस सांगितला, कुणी हळद बंद करायला लावली, कारण हळद पिवळी. आणि ताई हे सगळं मान डोलावून ऐकून घ्यायची. आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायचं नाही, हा तिचा जुना रोग. त्याच्यावर अजून गोळी निघालेली नाही.

एका शनिवारी मी पोचले तेव्हा मोरीच्या कट्ट्यावर एक स्टीलचा पेला आणि एक ताटली वेगळी उपडी घातलेली दिसली. मला वाटलं, सुनेनं केलं असेल. प्राजक्ताला काही बोलणार, तोच ती म्हणाली, “मावशी, मी नाही. आईंनी स्वतःच वेगळं काढलंय. मी तीनदा त्यांचा पेला आमच्यात मिसळला, त्यांनी तीनदा शोधून बाहेर काढला.”

“ताई, मी तुले फोनवर किती वेळा सांगितलं, भांड्यातून जात नाही म्हणून?”

“तू सांगितलं नं. मंग?”

“मंग पेला काहून वेगळा?”

“माहा पेला आहे. मले वाट्टे तिथं ठेवीन.”

वीस वर्षं मी मुलांना शिकवलं, परीक्षा घेतल्या, गुण दिले. सख्ख्या बहिणीच्या मोरीत माझ्या शिक्षणाची किंमत एका पेल्याएवढीही नव्हती.

सरकारी दवाखान्यात गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिथं डॉक्टर सना भेटली. अकोल्याचीच मुलगी, पुढचं शिक्षण घेत होती. वडिलांचं ताजनापेठेत कापडाचं दुकान. मराठी शाळेत शिकल्यासारखं स्वच्छ बोलायची, मध्येच हिंदीत घसरायची. ती ताईजवळ खुर्ची ओढून बसली.

“काकू, तुमचं थोडं जास्तीचं रक्त मिळेल का? उपचारासाठी नाही, माझ्या अभ्यासासाठी. नाही म्हणालात तरी गोळ्या मिळणारच आहेत.”

“जास्तीचं म्हंजे किती?”

“एक नळी. आज एक, मधे एक, आणि सगळं संपल्यावर एक.”

“घे बाई,” ताई बाही वर करत म्हणाली. “नाहीतरी माह्या रगताले आता कोनी हात लावून नाही राहिलं.”

सना हसली नाही. तिनं आधी ताईचा हात नुसता हातात धरून ठेवला, मग सुई काढली. मला ती मुलगी तिथंच आवडली, आणि पुढच्या महिन्याभरात तिच्यावरही वैतागायची वेळ आली.

तिला बघायच्या होत्या ताईच्या पेशी. आपल्या रक्तात ज्या पेशी आजारांशी लढतात त्यांतल्या काहींचं काम फार सरळ असतं. विषाणू शिरलेली पेशी ओळखायची आणि मारून टाकायची. सर्दीपडसं झालं की त्या उठतात, लढतात, जिंकतात आणि निवांत होतात. “पण काकू,” सना म्हणाली, “दुश्मन रोजच समोर दिसायला लागला, वर्षानुवर्षं, तर काय होतं? त्या स्वतःलाच ब्रेक लावून घेतात. जिंदा असतात. दुश्मनाला ओळखतातही. फक्त हात उचलत नाहीत. आम्ही त्यांना थकलेल्या पेशी म्हणतो. आता गोळ्यांनी विषाणू कमी झाला की त्या पुन्हा उठतात का, किती उठतात, ते मला बघायचंय.”

मी माझ्या जुन्या पुस्तकातून हे कधी शिकवलं नव्हतं. आमच्या पुस्तकात पेशी लढायच्या आणि धडा संपायचा. लढून लढून बसलेल्यांचं काय, यावर प्रश्न येत नसे. मी विचारलं, या पेशी थकल्या नसत्या तर विषाणू तेव्हाच गेला असता का? सना म्हणाली, सांगता येत नाही मॅडम, तीस वर्षं त्या पूर्ण जोरात लढत राहिल्या असत्या तर मारामारीत यकृतच खलास झालं असतं. एका अर्थी त्या थकल्या म्हणून काकूंचं यकृत बऱ्यापैकी शिल्लक आहे.

ताईनं हे शांतपणे ऐकलं. बाहेर आल्यावर दुपट्टा तोंडाला गुंडाळता गुंडाळता एवढंच म्हणाली, “पोट्टी हुशार आहे. पन तिचं लग्न झालेलं नाई दिसत.”

मार्च संपला तसं अकोला तापायला लागलं. आमची अमरावतीही तापते, पण अकोल्याचं ऊन अंगावर येतं. सकाळी नऊला रस्ते सुने पडतात. नळाला पाणी कधी येणार हे गल्लीत कुणालाच नक्की माहीत नसतं, आल्यावर मात्र सगळे एकदम धावतात. अशा दिवसांत ताई सकाळी गोळी घ्यायची आणि कूलरसमोर आडवी व्हायची. पूर्वी ती रोज उठल्याबरोबर ॲसिडिटीची गोळी घ्यायची, ती डॉक्टरांनी बंद केली होती, कारण तिच्यामुळे या नव्या गोळीचा गुण कमी होतो. त्यामुळे ताईच्या छातीत जळजळायचं, आणि जळजळ गोळीमुळे नसून दुपारी खाल्लेल्या मिरचीच्या ठेच्यामुळे आहे, हे तिला पटत नव्हतं. एकादशीला औषध चालतं का, हे तिनं मला विचारलं नाही. शेजारणीला विचारलं. चालतं असं उत्तर आलं म्हणून मी वाचले.

सातव्या महिन्यात प्राजक्ता बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्या अमरावतीला आली. तिच्या आई वंदनाताई तिला न्यायला गेल्या तेव्हा ताईकडे चहा न घेता परतल्या. उन्हाचं कारण सांगितलं. ताईनं मला फोनवर सांगितलं, “विहीनबाईनं पानी बी नाही घेतलं व.” मी म्हणाले, उन्हाचं नसेल घेतलं. दोघींनाही ते खरं वाटलं नाही.

मधली नळी द्यायचा दिवस आला. सनानं घेतलेलं रक्त अकोल्यात तपासलं जात नसे. पेशी मोजायचं ते यंत्र नागपूरला. ती नळी थर्माकोलच्या डब्यात बर्फात ठेवायची आणि कुणाबरोबर तरी रेल्वेनं पाठवायची. त्या दिवशी गाडी बडनेऱ्याच्या आसपास तासन्‌तास उभी राहिली. डबा नेणाऱ्यानं तो खिडकीजवळ ठेवला होता. नागपूरला पोचेस्तोवर बर्फाचं पाणी आणि पाण्याचं गरम पाणी झालं होतं. पेशी मेल्या.

सना घरी आली ती भर दुपारी, स्कार्फ घामानं ओला, डोळे लाल. पुन्हा एक नळी मागायची तिला लाज वाटत होती. मी तेव्हा तिथंच होते आणि चिडले होते. माझ्या बहिणीला आधीच अशक्तपणा, तिचं रक्त तुम्ही रेल्वेच्या खिडकीत ठेवता? सना खाली मान घालून ऐकत राहिली. ताई पलंगावरून उठली, माठातलं पाणी तिला दिलं आणि बाही वर केली. मग माझ्याकडे बघून बोलायला लागली. आवाज चढवला नाही.

“मी वर्सानुवर्सं थकली थकली म्हनत होती तं कोनी नाही आयकलं. सासू म्हने आळशी. डाक्तर म्हने रगत कमी हाये, गूळ-शेंगदाने खा. मंग म्हने वय झालं. आता पेशी थकल्या तं त्यायले बरफात ठेवून नागपूरले पाठवून राहिले.” तिनं सनाकडे हात पुढे केला. “घे व बाई. त्यायचं तरी कोनी पाहो.”

सनाला शीर सापडेना. मी तिचे हात बघत होते, आणि माझ्या रागाला आता जायला जागा उरली नव्हती.

ताईच्या थकव्याला आमच्या घरात नाव नव्हतं. चार भाकरी थापून झाल्या की ती भिंतीला टेकून बसायची, आणि लग्नकार्यात तिच्या कामाची तक्रार व्हायची की ही मधूनच गायब होते. ती कोठीच्या खोलीत पोत्याला टेकून पाच मिनिटं डोळे मिटायची. बाळांना न्हाऊ घालून आली की तिची दुपार झोपेत जायची. बाई थकली तर ते बातमीसारखं नसतंच. ती चहा करून घेते आणि उठते. तिच्या रक्तातल्या पेशी हेच करत होत्या, जिवंत, सगळं ओळखून, हात न उचलता, हे कळायला नागपूरचं यंत्र लागलं. याचा मला आजही राग येतो, आणि कुणावर काढायचा ते आजही कळत नाही.

दुसरी नळी नीट पोचली. दवाखान्याच्या तपासणीत ताईच्या रक्तात विषाणू सापडला नाही. गोळ्या अजून संपायच्या होत्या, पण सना म्हणाली, हे चांगलं आहे. ताईनं विचारलं, “मंग थकवा काहून आहे?” सना म्हणाली, काहींचा लवकर जातो, काहींचा हळूहळू. ताई म्हणाली, “म्हंजे तुमाले माहीत नाही.” सना म्हणाली, “नाही काकू, पूर्ण माहीत नाही.” आजवर डॉक्टरच्या तोंडून हे वाक्य ताईनं ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून सनावर तिचा विश्वास बसला.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ जळते दिवस, संपता संपता प्राजक्ताला मुलगी झाली. ताईच्या गोळ्या त्याच आठवड्यात संपल्या. बाळबाळंतीण घरी आल्याचं कळलं तशी ती तिळाच्या तेलाची बाटली आणि पाट घेऊन अमरावतीला आली. पाट कशाला, तिथं नाही का, असं मी म्हटलं. त्या पाटाची उंची तिच्या पायांना बरोबर होती. आम्ही रिक्षानं वंदनाताईंच्या घरी गेलो.

वंदनाताईंनी ताईला समोरच्या खोलीत खुर्ची दिली. खुर्ची दाराजवळ होती, पाळणा आतल्या खोलीत. पाणी दिलं, चहा दिला, खूप आदरानं बोलल्या. मग म्हणाल्या, “बाई, राग नका मानू. पण आधी रिपोर्ट पाहू द्या.” आमच्या आधीच तिथं आलेल्या नितीननं विषाणू सापडला नसल्याचा कागद दाखवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, “हा तिकडचा झाला. इथं कोपऱ्यावरच लॅब आहे. एकदा इथं करून घेऊ.”

मी नको म्हणायच्या आत ताई उठून उभी राहिली होती. लॅबमध्ये बोटाला टोचलं, पट्टीवर थेंब टाकला. थोड्या वेळानं पट्टीवर दोन रेघा आल्या. पॉझिटिव्ह.

त्या दुपारी मी जेवढं बोलले तेवढं वर्गातही बोलत नाही. मी सांगितलं, या तपासण्या दोन वेगळ्या आहेत. एक विषाणू शोधते. दुसरी, ही पट्टीची, शरीरानं त्याच्याविरुद्ध बनवलेली द्रव्यं शोधते, आणि ती विषाणू गेल्यावरही वर्षानुवर्षं, बहुधा जन्मभर राहतात. चोर गेला तरी ठाण्यात त्याचा फोटो राहतो, तसं. ही पट्टी फक्त फोटो बघून चोर आहे म्हणून ओरडते. आणि समजा चोर असता, तरी न्हाऊ घातल्यानं बाळाला काही होत नाही. बाळाला तेल लागतं, रक्त नाही. मी सनाला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिनंही तेच सांगितलं, माझ्यापेक्षा नीट सांगितलं.

वंदनाताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, “मॅडम, तुमचं खरं असन. माह्या भावाले लिव्हर खराब झालं होतं. शेवटच्या रात्री त्याच्या तोंडातून रक्त आलं ते मी घमेल्यात झेललं. त्यालेही हेच होतं. मले पट्टी-बिट्टी काही समजत नाही. मले ते घमेलं दिसते.”

बरोबर मीच होते, पण त्या घमेल्यापुढे माझ्या बरोबर असण्याचं वजन फार नव्हतं.

तेवढ्यात आतून प्राजक्ता बाळाला घेऊन बाहेर आली. अजून नीट चालता येत नव्हतं तिला. म्हणाली, “मम्मी, माझ्या डॉक्टरांना मी विचारलंय. काही होत नाही. बाळ माझं आहे. आई, तुम्ही घ्या.” वंदनाताईंनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा ताईकडे, आणि मग एक पाऊल बाजूला सरकल्या. “घ्या मग,” म्हणाल्या. मी सुटकेचा श्वास टाकला. दिवसभराच्या वैतागाचं फळ मिळालं होतं.

आणि ताई म्हणाली, “नाही. राहू द्या.”

प्राजक्ता बाळ पुढे करून तशीच उभी. ताईनं लांबूनच वाकून बाळाकडे पाहिलं. “तीन महिन्यानं शेवटची तपासनी आहे नं. ती होऊ द्या. मंग मी घेईन.” आणि तिनं चप्पल घातली.

रिक्षात माझा संयम सुटला. “ताई, तुले समजते का तू काय केलं? सगळे मानले होते. तीन महिन्यानं ते लेकरू केवढं होईन. तू काहून नाही म्हटलं?”

ती बाहेर बघत होती. राजकमल चौकात सिग्नलला रिक्षा थांबली, तेव्हा बोलली.

“नितीनच्या वक्ताले मले रगत चढवलं, तवा डाक्तरनं काय म्हटलं होतं? काही होत नाही म्हटलं होतं. तो खोटं नव्हता बोलत. त्याले जेवढं माहीत होतं तेवढं तो बोलला. तू बी तेवढंच बोलून राहिली. तुही ती डाक्तरीन बी तेवढंच.”

तेव्हा माहीत नव्हतं आणि आता माहीत आहे, हा फरक मला तिला समजावून सांगता आला असता. मी तोंड उघडलंही. पण ते वाक्य अगदी त्याच डॉक्टरसारखं निघालं असतं. सिग्नल सुटला आणि गरम वारा तोंडावर आला.

पुढचे तीन महिने ताईनं नातीला पाहिलं ते फोनवर. व्हिडिओवर बाळ दाखवलं की ती म्हणायची, मान सांभाळा, टाळू भरा, त्या बाईले सांगा पाणी कडक घेऊन राहिली म्हणून. अमरावतीला न्हाऊ घालायला दुसरी बाई लावली होती. ताईला तिचा हात फोनमधूनही पसंत नव्हता. मी संतापून सांगायचे, मग जा आणि स्वतः घाल. ती विषय बदलायची. पाऊस आला, कूलर झाकून ठेवले गेले, आणि माझ्या दृष्टीनं तो उन्हाळा काही संपेना.

पोळ्याच्या सुमारास शेवटची तपासणी झाली. विषाणू नाही. म्हणजे आता तो कायमचा गेला असं धरायचं. त्याच दिवशी सनानं तिसरी नळी घेतली आणि काही दिवसांनी निकाल सांगायला स्वतः घरी आली. म्हणाली, काकू, काही पेशी पुन्हा कामाला लागल्यात. पण पुष्कळशा तशाच आहेत. विषाणू गेला तरी थकव्याची खूण त्यांच्या आत राहिलीय. कदाचित राहीलच. ती जरा खट्टू होती. सगळ्या उठतील असं तिला वाटलं असावं.

“मंग त्यायचं आता काय करतं?” ताईनं विचारलं.

“काहीच नाही काकू. दुश्मनच राहिला नाही. फक्त सांभाळून राहायचं. एकदा बरं झालं म्हणून पुढचं संरक्षण मिळत नाही, दूषित रक्तातून विषाणू पुन्हा येऊ शकतो.”

“हाव,” ताई म्हणाली आणि तिच्या ताटात आणखी एक पुरणपोळी वाढली.

त्यानंतर प्राजक्ता बाळाला घेऊन अकोल्याला आली. पोचवायला वंदनाताई होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मोरीत पाटावर बसली आणि नातीला नडग्यांवर घेतलं. तीन महिन्यांची गुटगुटीत पोर, पालथं घातल्याबरोबर मान वर करून चौफेर बघायला लागली, पायांनी पाणी उडवायला लागली. नवजात बाळाचं गुपचूप पडून राहणं कधीच सरलं होतं. ताईला तिला आवरता आवरता धाप लागली. पदर भिजला, तेल सांडलं. तरी तिच्या तोंडावर जे होतं त्याला मी शब्द शोधणार नाही. दारात उभ्या वंदनाताई बघत होत्या. मग त्या आत आल्या आणि तांब्यानं पाणी घालायला लागल्या.

दुपारी ताई झोपली तेव्हा वंदनाताई माझ्याजवळ येऊन बसल्या. बराच वेळ सुपारी कातरत होत्या. मग हळूच म्हणाल्या, “मॅडम, आमच्या गावात एकच डाक्तर होता. एकच सुई. पाण्यात उकळायचा आणि सगळ्याले टोचायचा. भावाले टोचायचा, मले बी.” अडकित्ता थांबला. “भाऊ गेला तवापासून मी कधी रक्त तपासलं नाही. बाईले त्या दिवशी लॅबमध्ये पाठवलं. मी स्वतः आत पाय नव्हता टाकला.”

मी काही बोलायच्या आत पलंगावरून ताईचा आवाज आला. ती झोपलेली नव्हती. “मंग उठा नं. आत्ताच जाऊ.”

“आत्ता? भरदुपारी?”

“तुमी संध्याकाळी जाणार नाही. मले माहीत आहे.”

जठारपेठेतल्या त्या लॅबमध्ये आम्ही तिघी गेलो. वंदनाताईंनी बोट पुढे केलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. ताईनं त्यांचा दुसरा हात धरला. “सैल सोडा व बाई. तुमी मूठ आवळाल तं रगत काय तोंडातून काढन का तो?” तंत्रज्ञानं ताईला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ताई म्हणाली, विहीण. त्यानं मान वर करून दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

पट्टीवर एकच रेघ आली. थोडा वेळ आणखी बघितलं. एकच.

मला वाटलं, वंदनाताई रडतील किंवा देवाचं नाव घेतील. त्यांनी चष्मा काढून पट्टी जवळून पाहिली, पुन्हा चष्मा लावून पाहिली, आणि त्यांचा चेहरा रागानं लाल झाला. “म्हंजे काहीच नव्हतं?” त्या त्या तंत्रज्ञावरच घसरल्या. “इतके वर्सं मी रोज सकाळी आरशात डोळे पाहून राहिली, आणि काहीच नव्हतं?” तो बिचारा म्हणाला, नाही मावशी, निगेटिव्ह आहे, चांगलं आहे. “चांगलं काय,” त्या म्हणाल्या. “एवढी जिंदगी घाबरण्यात गेली त्याचं काय?”

ताईनं त्यांच्या बोटावरचा कापूस स्वतः दाबून धरला, रक्त थांबलं का पाहिलं, आणि थांबल्यावर तो कापूस डब्यात टाकला.

“चला,” ती म्हणाली. “घरी पोट्टी उठली असन. आज संध्याकाळी तेल तुमी लावा, मी तिचे पाय धरतो. लई लाथा मारते.”